पोत्याखालची चूल

मित्रांनो, मी एक जुनी चूल आहे. माझ्यामुळे एक घर फुटले. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणी सांगायला नको.

चंद्रपूरच्या एका जुन्या कामगार वस्तीत बायनाबाईने मला घडवले. इरई नदीकाठची माती, थोडे धानाचे तणस आणि तिचे दोन हात, एवढेच माझे भांडवल. बायनाबाई रोज पहाटे भाजीबाजार झाडायला जायची आणि घरी आली की मला पेटवायची. माझ्यावरच्या भाताची सारी वस्ती तारीफ करायची. तेव्हा मी अगदी फुगून गेले होते.

पुढे तिच्या मुलाचे, खुशालचे लग्न झाले. सून रिनाने गॅस आणला. दोन नातवंडे झाली. धाकट्या आचलला माझ्या धुराने खोकला लागायचा.

"चूल बाहेर काढा," रिना म्हणाली.

"चूल जाईन तं मीबी जाईन," बायनाबाई फणकारली.

शब्दाने शब्द वाढला. शेवटी मागच्या अंगणात टिनाची खोली उभी राहिली आणि बायनाबाईने मला उचलून तिथे नेले. दोन वर्षे सासू-सून एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. पण खोकला खरा होता, मित्रांनो. धूर माझाच होता.

गेल्या वर्षी ही वस्ती पाडून सगळ्यांना जवळच उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतींत हलवायचे ठरले. सफाई करणारे, हमाल, गवंडी यांना परवडतील अशी छोटी घरे त्यात राखून ठेवली होती. शहर ज्यांच्या कष्टावर चालते ते शहराबाहेर फेकले जाऊ नयेत, असा तो बेत. नियम साधा होता. जितक्या चुली तितकी कुटुंबे, आणि तितकीच घरे. मोजणीसाठी दिव्यानी नावाची मुलगी फॉर्म घेऊन दारोदार फिरत होती.

ती येताना दिसली आणि बायनाबाईने काय करावे? तांदळाचे रिकामे पोते उचलून माझ्यावर टाकले! परक्या बाईसमोर घर फुटल्याचे सांगायचे कसे?

"ही सरपणाची खोली हाये," ती म्हणाली. "आमची चूल एकच. लेक-सून सोन्यासारखे हायेत."

खुशालने मान खाली घातली. दिव्यानीने लिहून घेतले.

चुलीला तोंड असते, पण बोलता येत नाही. आणि खरे सांगू? बोलता आले असते तरी मी बोलले नसते. भांडणाचे मूळ झाकले गेले म्हणून मला पोत्याखाली बरेच वाटले. त्याची मला आजही लाज वाटते.

यादी लागली. खुशालच्या नावावर एकच खोली निघाली. पाच माणसे आणि एक ओटा.

"मी भावाकडे वडशाले जातो," बायनाबाई म्हणाली. इतक्या दूर वडशाहून येऊन पहाटे चंद्रपूरचा बाजार कसा झाडणार? वीस वर्षांचे काम सुटणार होते, तरी तिच्या तोंडून खरे निघेना.

यादीवर हरकत घ्यायच्या शेवटच्या दिवशी दिव्यानी पुन्हा आली आणि बायनाबाईने पुन्हा माझ्यावर पोते टाकले. शेजारीपाजारी जमले.

"बाई, शेवटचं विचारून राह्यलो. चूल एकच?"

"एकच."

तेवढ्यात रिना घरातून तरातरा आली आणि तिने माझ्यावरचे पोते ओढले. माझ्यातली सकाळची राख अजून कोमट होती.

"ही पाहा दुसरी चूल, मॅडम. माह्या भांडणानं झाली." ती सासूकडे वळली. "लाज मले वाटाले पायजे. सासूबाईले काऊन?"

दिव्यानीने राखेला बोट लावून पाहिले आणि बायनाबाईचे नाव वेगळे लिहिले. बायनाबाई पदरात तोंड लपवून रडू लागली. रिनाही रडली.

आता दोघींना शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या आहेत. तिथे चुलीला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. मी इथेच राहणार, पुढच्या आठवड्यात वस्तीबरोबर मोडणार. ते पोते मात्र रिनाने धुऊन वाळवले आहे, सासूची भांडी न्यायला.

मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणत नाही. मातीची आहे, मातीत जाईन. एकच विनंती आहे. तुमच्या घरात कधी दुसरी चूल मांडली गेली, तर लाजेपायी तिच्यावर पोते टाकू नका. त्या पोत्याखाली मी एकटी नव्हते. बायनाबाईही होती.