जवाईबापूंचं टूल

चंद्रभानच्या जुन्या येझदी मोटरसायकलचं इंजिन आतून खडखड वाजायला लागलं, तेव्हा परतवाड्याच्या मेकॅनिकनं हात झटकले. "क्लच खोलावा लागन, भाऊ. याचं टूल आता कोणापाशी नाई राह्यलं."

चंद्रभाननं हे फोनवर आपल्या बहिणीला, सीमाला सांगितलं आणि तिथंच चुकलं. तिच्या हातातून फोन तिच्या नवऱ्यानं, मनोजनं ओढून घेतला.

"टूल कायले पायजे, भाऊ? मी येतो. बनवू ना आपण!"

मनोज अकोल्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता. हातात कधी पाना धरला नव्हता, पण मोबाइलवर पाहून पाहून जगभरातली इंजिनं त्यानं मनातल्या मनात खोलली होती. शनिवारी तो बसमधून उतरला तोच बाह्या सरसावत. चंद्रभानच्या आईनं, गोदाबाईनं, मुलाला आधीच बाजूला घेऊन बजावलं, "जवाई हाये तो. एक शब्द बोलजो नको त्याले."

अडचण एवढीच होती की क्लचच्या मधला नट फिरवायला गेलं की अख्खा क्लच सोबत फिरायचा. तो घट्ट धरून ठेवायला काहीतरी हवं होतं. मनोजनं अंगणात नजर फिरवली आणि सायकलची चेन काढली. ती क्लचभोवती गुंडाळून तिचं टोक एका सळईला बांधलं. चंद्रभाननं पाना ओढताच चेन सटकली आणि सळई त्याच्या नडगीवर बसली.

"जमते, भाऊ. थोडक्यात चुकलं," मनोज म्हणाला.

चंद्रभान नडगी चोळत हसला. त्याची बायको हर्षा त्याच सायकलनं मळ्यात जायची. त्या दिवशी ती पायी गेली.

रविवारी मनोजनं फवारणीच्या पंपाचा दांडा कापला. हा दांडा बरोबर मापाचा आहे, असं त्याचं म्हणणं. गावातल्या वेल्डरकडून त्याला दोन लोखंडी आकडे लावून आणले. इकडे वांग्यावर अळी पडलेली, आणि पंप दांड्याविना भिंतीला टेकलेला. आकडे क्लचमध्ये छान बसले. चंद्रभाननं जोर लावला, तसे छान वाकलेही. मग मनोजनं नट ठोकून सैल करायला खलबत्त्यातला लोखंडी बत्ता मागितला. सासूकडे पाहत हर्षानं तो दिला. परत आला तेव्हा त्याला ऑइलचा असा वास होता, की तिनं दोनदा राखेनं घासून तो चुलीमागं ठेवून दिला.

"मिरची कायनं कुटू?" तिनं आत येऊन नवऱ्याला दबक्या आवाजात विचारलं.

"मले काहून विचारतं? त्याले विचार."

"मी विचारू? जवायाले?"

सोमवारी सकाळी आकडे पुन्हा वेल्ड करून आणले होते. दोघं घामानं भिजले. नट जागचा हलेना. मनोज उभा राहिला, कमरेवर हात ठेवून त्यानं फाटकाकडे पाहिलं.

"भाऊ, त्या फाटकाची बिजागरी मजबूत दिसते. ती काढली तर..."

"बस!" चंद्रभान ओरडला. ओट्यावर भाजी निवडणाऱ्या गोदाबाईचे हात थांबले. "सायकल खोलली, पंप कापला, आता ढोरं घरात घ्या म्हणता का? वांगं सडून राहिलं तिकडं! काही खोलायचं नाई आपल्याले. हा नट मी परत कसून टाकतो, होता तसा!"

पाना उलट बाजूला लावून त्यानं सगळा राग त्यात ओतला. कडाक् असा आवाज झाला. पाना तुटला असं त्याला वाटलं. पण पाना शाबूत होता आणि नट बोटानं फिरत होता.

मनोज वाकला, आटे पाहिले.

"उलटे आटे हायेत, भाऊ."

"म्हंजे शनिवारपासून आपण कसूनच राहिलो होतो?"

"हो नं."

"तुमच्या मोबाइलमधी सांगतलं नाई हे?"

"सांगतलं असन. मी आवाज बंद करून पायतो. सीमा झोपलेली असते."

गोदाबाई पदर सावरत आली. "बोलला नं तू जवायाले?"

"बरं झालं बोलले, आई," मनोजच म्हणाला आणि खाली बसला. "मी तर पहिल्याच दिवशी थकलो होतो. पण भाऊ काही बोलेच नाई, हसून राहिले. मले वाटलं, यायले पटून राहिलं. अन् तुमी रोज पुरण घालून राहिल्या. मी निघू कसा?"

चंद्रभान त्याच्याकडे पाहतच राहिला. मग नको नको म्हणता त्याला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचाही राग आला.

क्लचमागचं बेअरिंग फुटलेलं निघालं. नवं अकोल्याला मिळेल म्हणून मनोजनं ते रुमालात बांधून घेतलं. परतवाड्याच्या स्टँडवर चंद्रभाननं त्याला चहा पाजला आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदाच विचारलं, "जिनिंगमधी जीव लागते का तुमचा?"

"नाई लागत, भाऊ. दिवसभर दुसऱ्याच्या गाड्या काट्यावर चढतात अन् उतरतात. आपल्या हातानं काहीच होत नाई."

चंद्रभाननं त्याच्यासाठी अजून एक चहा सांगितला. तेवढ्यात अकोल्याची बस लागली आणि मनोज गर्दीत कोपरं मारत जागा धरायला धावला.