सतराव्या रकान्यावरची रेघ

पहाटेची नमाज झाली, कुराणाचे रोजचे एक पान वाचून झाले, की आपा वडिलांच्या मेजाशी बसत. लेखणी उचलण्याआधी त्या पुन्हा एकदा हात धूत. चौदा वर्षांत हा नेम चुकला नव्हता. तापाने फणफणल्या होत्या तेव्हाही नाही. दोन जिवांचे नाते आपल्या हातून कागदावर उतरते, तेव्हा निदान हात तरी स्वच्छ असावेत, एवढेच त्यांचे म्हणणे.

वडील त्या भागाचे काझी. निकाह लावायचे आणि सरकारी दफ्तरात नोंदवायचे, अशी त्यांची नेमणूक. डोळे अधू झाले तेव्हापासून लिहिण्याचे काम, विधवा होऊन माहेरी आलेल्या या लेकीने उचलले. काझींचे लिखाण बाई करते, हे बाहेर बोलायचे नव्हते. म्हणजे ते सगळ्यांना माहीत होते आणि कुणीच बोलत नव्हते, अशातली ती गोष्ट.

त्या दिवशी छापखान्यातून निकाहनाम्यांचा नवा गठ्ठा आला होता. पंचवीस कोरे कागद. वर अल्लाहचे नाव, खाली देशाची राजमुद्रा आणि मध्ये एकवीस रकाने. गठ्ठा आला की पहिले काम ठरलेले. पोलादी पट्टी सतराव्या रकान्यावर ठेवायची, या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि रेघ संपली की शेवटी एक टिंब द्यायचे. तांदूळ निवडताना खडा जसा न बघता बोटाला लागतो, तशी पट्टी आपोआप त्या रकान्यावर जाऊन बसे.

रकान्यात छापलेले होते : ‘पतीने पत्नीला स्वतः तलाक घेण्याचा अधिकार दिला आहे काय? असल्यास कोणत्या अटींवर?’

“निकाहाच्या दिवशी तलाकचं नाव काढणं म्हणजे पाळण्याआधी कफन शिवणं,” अब्बा म्हणत. त्यांच्या आधीचे काझी रेघ मारत, त्यांच्याही आधीचे मारत. आपांनी कधी विचारले नव्हते. माणूस मोठमोठ्या पापांपासून जपून राहतो. रोजच्या कामाकडे बघतच नाही.

शेवटच्या कागदावरची शाई वाळत होती, तोच दारातून हाक आली.

“आपा, आहात का?”

मोती आली होती. खरे नाव वेगळे. पण आठव्या वर्षी आपा वस्तीतल्या मुलींचा जो दुपारचा वर्ग घेत, त्यात तिने पहिली ओळ लिहिली, तेव्हापासून अक्षरावरून पडलेले हेच नाव टिकले. आता ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. बाहीला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले, बोटाला सुईची टोचणी. लग्नाला पाच वर्षे झाली होती. नवरा ट्रकवर. तिसऱ्या वर्षी त्याने दुसऱ्या शहरात दुसरे घर मांडले. हिला नांदवीना आणि सोडीनाही.

“ये, बैस. चहा ठेवते.”

“चहाचं राहू द्या. कोर्टातून येतेय.” तिने पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. “सुटका मागायला गेले होते. तर ह्यांचा वकील उठून म्हणतो, बाईने स्वतःच हक्क सोडलाय. रकाना खोडलाय, खाली बाईची सही आहे. आता कुठल्या तोंडाने सुटका मागते?”

“कुठला रकाना?” आपांनी विचारले, आणि विचारता विचारताच हातातली पट्टी खाली ठेवली.

“मीही तेच म्हटलं, कुठला रकाना? सही करताना कागद बघितला होता कुणी? ओढणी नाकापर्यंत, शेजारी मैत्रिणी खिदळतायत. मामीने बोट धरून जागा दाखवली, तिथे केली सही. वीज-मीटरच्या कागदावर करतात तशी.” ती हसली, हसण्यासारखे त्यात काही नव्हते. “तिथल्या कारकूनबाई म्हणाल्या, हा रकाना भरलेला असता तर महिन्याभरात मोकळी झाली असतीस गं.”

तिने कागद मेजावर पसरला. शेजारी आपांचा पंचवीस कागदांचा गठ्ठा उघडाच होता. मोतीची नजर आपल्या कागदावरून गठ्ठ्यावर गेली. गठ्ठ्यावरून पुन्हा आपल्या कागदावर आली.

“रेघेच्या शेवटी टिंब आहे, आपा.”

आपांनी मोतीचा कागद जवळ ओढला.

“‘रेघ संपली की टिंब द्यावं, म्हणजे कुणी पुढे ओढत नाही.’ तुम्हीच शिकवलंत. माझ्या सगळ्या वह्यांत आहेत अशी टिंबं.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. आपांनी आपल्या हातांकडे पाहिले. आजही ते धुतलेले होते.

“माझ्यावर रागव, मोती. चार शब्द बोल.”

“रागवायला रजा कुठे आहे?” मोती म्हणाली. “बुधवारी तारीख आहे. याल का? एवढंच सांगायचं, की मी तो कागद बघायच्या आधीच रेघ मारलेली होती. मी काही सोडलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं.”

आतल्या खोलीत अब्बा खोकले. त्यांचे डोळे गेले होते, कान शाबूत होते.

मोती गेल्यावर आपा आत गेल्या. अब्बा जपमाळ हातात धरून बसले होते. मणी मात्र सरकत नव्हते.

“अब्बा, एक विचारू? नवऱ्याने निकाहातच बायकोला हा हक्क द्यावा, हे आपल्या धर्मात बसतं की नाही?”

“बसतं. जुन्या विद्वानांनी लिहून ठेवलंय.”

“म्हणजे सरकारने रकाना छापला, तो धर्माच्या विरुद्ध नाही.”

“नाही.”

“आणि रेघ मारा, असं सरकारने सांगितलेलं नाही.”

“नाही.”

“मग अब्बा, ही रेघ कुणाची?”

अब्बांनी जपमाळ मांडीवर ठेवली. “रिवाज आहे, बेटा.”

“ना किताबात, ना कायद्यात. तरी दोघांच्या डोक्यावर बसलाय.”

“तू साक्ष दिलीस तर माझी नेमणूक जाईल. बावीस वर्षांची.”

“माहीत आहे.”

“लोक म्हणतील, काझीच्या घरात काझीचाच पाय कापला.”

“म्हणू देत. अब्बा, चौदा वर्षं गठ्ठे येतायत…”

“गठ्ठे मोजू नकोस,” अब्बा घाईने म्हणाले.

“नाही मोजत. मोजले तर नमाजेला उभं राहवणार नाही.”

“मी येणार नाही,” अब्बांनी तोंड भिंतीकडे फिरवले. “तुला अडवणारही नाही. याहून जास्त मागू नकोस.”

वस्तीत बातमीला पाय लागतच नाहीत, पंखच फुटतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वखारवाले चाचा हजर. मशिदीच्या समितीचे प्रमुख आणि मोतीच्या नवऱ्याचे सख्खे मामा. खांद्यावर लाकडाचा भुसा, तोंडात वेलदोडा, आवाज मधाचा.

“बेटी, ऐकतो ते खरं का? घरातलं मडकं चव्हाट्यावर फोडणार म्हणे?”

“मडकं आधीच फुटलंय, चाचा. मी फक्त कुणाच्या हातून फुटलं ते सांगणार.”

“वा! काझीसाहेब, लेक बोलायला शिकली तुमची!” चाचा आतल्या खोलीकडे बघून हसले. मग खुर्ची पुढे ओढली. “हे बघ, हा आपल्या धर्माचा मामला. तिथे घटना-बिटना घुसवायची नाही. आज सरकारला रकान्यात बोट घालू दिलं, तर उद्या हात धरून घरात येतील.”

आपांचा आवाज मुळातच हळू. वर्गातल्या मुलींना पुढे सरकून बसावे लागे. चाचांनाही पुढे वाकावे लागले.

“चाचा, तुमच्या वखारीच्या भिंतीवरून शेजाऱ्याशी तंटा झाला होता. कुठे लढलात?”

“कोर्टात. त्याचं इथं काय?”

“आणि भाच्याने मोतीविरुद्ध वकील दिलाय, तोही कोर्टातलाच ना?”

“तो वेगळा मुद्दा आहे.”

“मला वेगळा दिसत नाही. तुमच्या भिंतीला घटना चालते, भाच्याच्या फायद्याला चालते. बाईने दार ठोठावलं की लगेच धर्म आठवतो. आणि चाचा, धर्म तरी कुठे तुमच्या बाजूला आहे? अब्बांना विचारा. आत बसलेत.”

आत जपमाळेचा एक मणी सरकल्याचे दोघांनीही ऐकले.

चाचांच्या आवाजातला मध संपला. “जीभ फार सैल सोडलीस. काझीचं लिखाण कोण करतं, ते मी वर कळवलं तर?”

“कळवायची तसदी घेऊ नका,” आपा म्हणाल्या. “बुधवारी मी स्वतःच सांगणार आहे. चहा घ्याल?”

चाचांनी चहा घेतला नाही.

बुधवारी आपांचा रोजा होता. कुठल्याही कठीण कामाच्या दिवशी उपास धरायचा, हा त्यांचा जुना नेम. न्यायालयाच्या ओसरीत बाके भरलेली. कुणी लेकराला दूध पाजते आहे, कुणी कागद उलटसुलट बघते आहे. मोती नीटनेटकी बसली होती. चाचा आणि त्यांची चार माणसे समोरच्या भिंतीला टेकून उभी होती.

पुकारा झाला, आपा आत साक्षीला उभ्या राहिल्या. नवऱ्याचा वकील तरतरीत होता. “बाई, निकाहनामा भरायचं काम काझींचं. तुमचा काय संबंध?”

“चौदा वर्षं मीच भरतेय.”

मागे कुजबुज झाली.

“तुम्ही काझी आहात?”

“नाही. काझींची मुलगी.”

“म्हणजे तुम्ही हे बेकायदेशीरपणे करत होतात!”

“हो. त्याची शिक्षा असेल ती द्या. पण आधी माझं पुरतं ऐका.”

“काय ऐकायचं? रकाना खोडलाय, खाली बाईची सही आहे. लिहितावाचता येणारी बाई आहे. तिने समजून उमजून हक्क सोडला.”

आपांनी पिशवीत हात घातला. आधी पोलादी पट्टी काढली, मग कोऱ्या निकाहनाम्यांचा गठ्ठा. न्यायाधीशांच्या परवानगीने त्यांनी तो मेजावर ठेवला आणि एकेक कागद उलटत गेल्या.

“यावर वराचं नाव नाही, वधूचं नाही, तारीख नाही. रेघ मात्र आहे. यावरही आहे. यावरही. ज्या मुलींसाठी हे कागद आहेत, त्यांची लग्नं अजून ठरलेलीसुद्धा नाहीत. त्यांतल्या काही दुपारी माझ्याकडे पाटी घेऊन येतात, पेन्सिल हरवली म्हणून रडतात. त्यांचा हक्क मी परवा चहाच्या आधी खोडलाय.” त्यांनी वकिलाकडे पाहिले. “वकीलसाहेब, त्यांनीही तो समजून उमजून सोडला, असं म्हणाल का?”



वकील न्यायाधीशांकडे वळला. “महोदय, मुळात हा धार्मिक कायद्याचा प्रश्न आहे. न्यायालयाने त्यात…”

“रकाना या देशाच्या कायद्याने छापलेला आहे,” न्यायाधीश म्हणाले. “धर्माचं म्हणणं काय, ते सांगणारं इथे कुणी आहे का?”

“मी आहे.”

दारात काठी वाजली. अब्बा एकटेच आले होते. भिंत चाचपत, तीन जिने चढून. चाचा पुढे झाले, “काझीसाहेब, तुम्ही कशाला त्रास…” अब्बांनी त्यांचा हात बाजूला केला आणि आवाजाच्या दिशेने तोंड करून उभे राहिले.

“रेघ तिच्या हातची आहे. हुकूम माझा. आणि माझ्या किताबात असा हुकूम नाही. बावीस वर्षं मी धर्माच्या नावावर रिवाज चालवला. या मुलीचा निकाह मीच लावला. तिला सगळं विचारलं, तेवढं एक सोडून.”

मोतीने इतका वेळ अडवून धरलेले अश्रू तेव्हा ओढणीने पुसले.

तिसऱ्या महिन्यात निकाल लागला आणि मोती मोकळी झाली. अब्बांची नेमणूक त्याआधीच, पंधरा दिवसांत गेली होती. नोंदवह्या नेणाऱ्या शिपायाने पोलादी पट्टीही सरकारी समजून उचलली. आपांनी ती मागितली नाही. मशिदीच्या वाटेवर अब्बांच्या सलामाला उत्तर देणारे थोडे उरले. आपांच्या दुपारच्या वर्गात एकोणीस मुली होत्या, त्या सहा झाल्या. नवे काझी तरुण आहेत, डोळे चांगले आहेत. नवा गठ्ठा आला की तेही पहिल्याच दिवशी रेघा मारून ठेवतात, असे ऐकू येते.

ऐकले त्या दुपारी आपांनी फळा पुसला. त्यावर रोज कुराणातली नाहीतर नीतीची एक ओळ गिरवायला असे. आज त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात सतराव्या रकान्यातला प्रश्न लिहिला. मोती सुट्टी काढून आली होती. ती मुलींमधून फिरत बोटे धरून वळण दाखवू लागली.

एका मुलीची आई घ्यायला आली ती दारातच थबकली. “काय हो आपा, एवढ्या एवढ्या पोरींना तलाक गिरवायला लावता?”

“तलाक नाही, बाई. प्रश्न. उद्या सहीला बसतील तेव्हा तो ओळखीचा वाटायला हवा.”

ती बाई घटकाभर फळ्याकडे बघत राहिली. ओठ हलत होते. ती वाचत होती. मग चपला काढून आत येऊन बसली.

सगळ्यात धाकटीचे लिहून झाले. तिने पाटी वर धरली आणि सवयीने पट्टी हातात घेतली.

“आपा, खाली रेघ मारू?”

“नको गं,” आपा म्हणाल्या. “ती जागा मोकळी ठेव.”