परिवर्तनाचा पैरा

कुंडलच्या चंद्राबाईंच्या घरी यंदाही समाजपरिवर्तन आलं. शनिवारी, जेवणाच्या वेळेला. आठ माणसं होती. पुण्याहून गाडी करून आलेली, टोप्या सगळ्यांच्या एकसारख्या. त्यांना आणणारी कीर्ती सांगलीची. 'स्वयंसेवी पर्यटन आणि सामाजिक बदल' यावर ती प्रबंध लिहीत होती. शहरी माणूस गावात राबला की दोघांचंही उत्थान होतं, असा तिसऱ्या प्रकरणाचा सिद्धांत. आता फक्त उत्थान व्हायचं बाकी होतं.

चंद्राबाईंच्या हळदीतलं तण काढायला त्या दिवशी भांगलण होती. गावातल्या पाच बायका पैऱ्यानं येणार होत्या. म्हणजे आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, मजुरी नाही, नुसती फेड. "आमचे स्वयंसेवक करतील," म्हणून कीर्तीनं त्यांना परत पाठवलं. त्या दुसऱ्याच्या रानात गेल्या.

संध्याकाळपर्यंत स्वयंसेवकांनी दोन सऱ्या साफ केल्या. तण जागेवर होतं. हळद उपटली होती.

"हिरवं सगळं सारखंच दिसतं ना," एक टोपी म्हणाली.

"व्हय. पिवळं झाल्याबिगर तुमास्नी वळखंना," चंद्राबाई म्हणाल्या.

कीर्ती ओशाळली. "मावशी, पुढच्या वर्षी येऊन भरून काढू."

"पैरा वर्षानं फिटत न्हाई, बाई. त्यापरीस आमीच येतो की तुमच्याकडं. सहाजणी हाओत. चार दिस ऱ्हातो, जेवतो, तुमची कपाटं लावतो. फोटू बी काढतो."

टोप्या एकमेकींकडे बघू लागल्या. "सोसायटीची परवानगी लागते," कुणीतरी पुटपुटलं.

"आसं व्हय? आमाला कुणी इचारलंच न्हाई."

रविवारी मंडळी सागरेश्वरला हरणं बघायला गेली. हरणांचं उत्थान झाल्याची नोंद नाही. कीर्ती मात्र मागं राहिली.

"मावशी, उरलेली हळद मी भांगलते."

"हात लावू नगंस गं. भांडी घासाय येत्यात का? आठ मानसांची पडल्यात. तेवढी घास, म्हंजे मला रानात जाता ईल."

कीर्तीनं भांडी घासली, घर झाडलं, भाकरीही थापली. ती चंद्राबाईंनी निमूट खाल्ली. दिवस मावळेपर्यंत बाकीची हळद तणातून मोकळी झाली. मग कीर्तीनं तिसऱ्या प्रकरणावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'आधी विचारावं.'

नागरिकहो, बोध सोपा आहे. ज्याच्या घरी आपण बदल घडवायला निघालो, त्याला आधी आपल्या घरी राहायला बोलवावं. तेवढं जमत नसेल, तर सेवेचं नाव घेऊ नये. सरळ सहलीला जावं, तिकीट काढून.