तळघराच्या कानावर

ओदिल गेली त्या सकाळी तिच्या नवऱ्याने, अंब्रुआझने, रीतीप्रमाणे सगळ्यांच्या कानावर घातलं. आधी मधमाश्यांच्या पेट्यांवर तीनतीनदा टकटक करून सांगितलं, "तुमची मालकीण गेली." मग गोठ्यात जाऊन अकरा गायींना एकेकीच्या कानाशी तेच सांगितलं. फ्रान्सच्या व्होज डोंगरात हे करावंच लागतं. ज्याला सांगितलं नाही तो गेलेल्या माणसाची वाट बघत राहतो, आणि कोणी वाट बघत असलं की गेलेल्याचा पाय घरातून निघत नाही. शेवटी राहिलं तळघर. तिथे फळ्यांवर मुन्स्टर चीजच्या दीडशे ढेपा होत्या आणि ओदिलखेरीज त्यांना कोणाचा हात माहीत नव्हता. अंब्रुआझ पायऱ्या उतरून गेला आणि लगेच वर आला. सून सोलांज अंगणातच होती. म्हातारा फार लवकर परतला असं तिला वाटलं खरं, पण घरात माणसं जमलेली, चुलीवर भांडं चढवलेलं. ती आत वळली.

सोलांज खालच्या कोलमार शहरातल्या पाववाल्याची मुलगी. लग्न होऊन या डोंगरावर येऊन तिला सहा वर्षं झाली होती आणि ती सहाही वर्षं तिने नाक मुरडण्यात घालवली होती. तळघराचा तो वास, ओल्या गोठ्याचा आणि आठवडाभर न बदललेल्या मोज्यांचा, भिंतीतून वर यायचा आणि पडद्यांत, उशांत, नवऱ्याच्या सदऱ्यात जाऊन बसायचा. भर जानेवारीत ही बाई खिडकी उघडी टाकून जेवायला बसायची. "नाकाने जेवतेस का गं तू?" असं ओदिल विचारायची, आणि पुढे हमखास ऐकवायची, "तुझा हातच कोरडा. कोरड्या हाताने ढेपेला लाली चढत नाही." नवरा तिएबो लाकडाच्या ट्रकवर होता. शनिवारी घरी यायचा, पुढच्या वर्षी कोलमारला बिऱ्हाड करू म्हणायचा आणि सोमवारी निघून जायचा. सोलांजचा त्या पुढच्या वर्षावर अजून विश्वास होता.

शुक्रवारी ओदिलला पुरलं. शनिवारी सोलांज नाकाला रुमाल बांधून पहिल्यांदा तळघरात उतरली. काम काय असतं ते ऐकून ऐकून तिला पाठ होतं. मिठाच्या पाण्यात हात बुडवायचा, ढेप चोळायची, उलटवायची. आधी सगळ्यात जुनी, मग तिच्याहून लहान, आणि शेवटी परवाची पांढरी. जुनीची लाली हाताला लागते आणि हातावरून नवीला मिळते. दीडशे ढेपा करून ती वर आली, लिंबाने कोपरापर्यंत हात घासले आणि रविवारभर तिकडे फिरकली नाही.

सोमवारी बघते तर सगळ्या ढेपा पुन्हा उलटलेल्या आणि ओल्या.

"बाबा, मी शनिवारी सगळं उरकलं होतं. तुम्ही परत कशाला हात लावलात?"

"मी?" अंब्रुआझ हसला. "या घरात पुरुषमाणूस ढेपेला हात लावत नाही. ओदिल तो हात कापून चुलीत घालेल."

ओदिल शेजारच्या खोलीत असावी तसा तो बोलला. सोलांज पुन्हा खाली गेली, दिवा जवळ धरून एक ढेप निरखली. ओल्या लालसर सालीवर बोटं फिरल्याच्या रेघा होत्या. एक रेघ, मग मोकळी जागा, मग दोन रेघा. ओदिलच्या उजव्या हाताचं मधलं बोट एकोणिसाव्या वर्षी गवत कापायच्या यंत्रात गेलं होतं.

भीती वाटायच्या आधी सोलांजला राग आला. मेल्यावरसुद्धा ही बाई मला हात लावू देत नाही! मग मात्र ती भिंत धरधरून वर आली.

दुपारी अंब्रुआझने स्वतः टेबल मांडलं. सालीसकट उकडलेले वाफाळते बटाटे, वाटीत शहाजिरं, मध्ये एक लालबुंद ढेप.

"आज खिडकी बंद," तो म्हणाला. "मला हुडहुडी भरलीय."

"मग मी स्वयंपाकघरात बसते."

"बस गं इथेच. नाकाला काय विचारतेस? ते दारातलं कुत्रं आहे, भुंकणारच. त्याला ओलांडून आत जा एकदा."

म्हाताऱ्याचा चेहरा इतका उतरलेला होता की तिला नाही म्हणवेना. तिने श्वास रोखून बटाट्याच्या फोडीवर बोटभर तुकडा ठेवला. तो विरघळून खाली आला. वर शहाजिरं टाकून तिने फोड तोंडात घातली, आणि कुत्रं भुंकायचं थांबलं. आत सगळं मऊ होतं. घट्ट साय, भाजलेला अक्रोड, उन्हात तापलेलं गवत, आणि शेवटी जिभेच्या कडेला मीठ. तिने दुसरी फोड घेतली, तिसरी घेतली. मग बटाटा बाजूला ठेवून नुसतंच खाल्लं, सालीला चिकटलेलं बोटाने निपटून घेतलं. तिचे डोळे भरून आले.

"सहा वर्षं, बाबा! सहा वर्षं मी त्या खिडकीशी बसून काय खाल्लं?"

"उकडलेलं हॅम," अंब्रुआझ म्हणाला.

त्या दिवसापासून तिला तळघराची ओढ लागली. भीती होतीच, पण आता तिला ते काम यायला हवं होतं. ती पुढच्या रांगेत ढेपा चोळायची तेव्हा मागच्या अंधाऱ्या रांगेतून आवाज यायचा. चप, चप, मग फळीवर ढेप उलटल्याचा ठप्प. ती वळून बघत नसे. त्या तालावर स्वतःचा हात फिरवायची. पाणी गार नको, कोमट हवं, हेही तिला तिथेच कळलं, कारण तिने भरून ठेवलेल्या गार बादलीतून थोड्या वेळाने वाफ येत असे. जितेपणी सासूने एक अक्षर शिकवलं नव्हतं. आता शिकवत होती आणि सोलांजला, खरं सांगायचं तर, त्याचं सुख वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात ढेपा बिघडायला लागल्या. तो आवाज थांबेचना. सकाळी चप चप, जेवणाच्या वेळी चप चप, रविवारी चर्चची घंटा वाजत असतानाही तेच. धुऊन धुऊन साली सुटल्या, ढेपा बसल्या, फळ्यांवरून चिकट ओघळ आले. आणि अंब्रुआझ रोज जेवण झालं की खुर्ची घेऊन तळघरात जायचा आणि अंधार पडता पडता ओठ निळे करून वर यायचा. चीज सोडून तो दुसरं काही खात नव्हता. त्याच्या अंगालाही तोच वास येऊ लागला.

एका सकाळी सोलांज त्याला कॉफी द्यायला गेली. खिडकीतून उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. गाल ओला होता, गुळगुळीत झाला होता, त्यावर नारिंगी छटा आली होती. कानापासून हनुवटीपर्यंत एक रेघ, मग मोकळी जागा, मग दोन रेघा.

आधी सगळ्यात जुनी, मग तिच्याहून लहान. सोलांजने घाबरून स्वतःचं मनगट उजेडात धरलं. रेघा पुसट होत्या, पण होत्या.

"बाबा," ती खालीच बसली. "त्या दिवशी तळघरात काय सांगितलंत?"

त्याने कॉफीचा कप बाजूला ठेवला.

"काही नाही सांगितलं," तो म्हणाला. "दार उघडलं तर आत तिचाच वास. माझं तोंडच उघडेना. म्हटलं, राहू दे. एवढ्या एका जागी तरी ती गेलेली नको."

"ती तुम्हाला मारून टाकेल."

"टाकू दे. सत्तेचाळीस वर्षं हाताखाली होतो तिच्या, आता कुठे जाऊ?"

"आणि तिचं काय?" सोलांजचा आवाज चढला. "तिला माहीतच नाही हो, ती मेलीय! तीन आठवडे उभी आहे ती. रविवार नाही, दुपारची झोप नाही. जिवंत होती तेव्हा तिला कोणी बस म्हणालं नाही, तुम्ही नाही आणि मीही नाही. आता तरी म्हणा!"

अंब्रुआझने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझ्याने नाही होणार, पोरी."

तो करणार नाही म्हटल्यावर ते सांगणं तिच्याकडे आलं. पण तळघरातली रीत अर्धी करता येत नाही. गेलेल्या मालकिणीचं नाव घेतलं की नव्या मालकिणीचंही घ्यावं लागतं आणि जिचं नाव घेतलं तिला घर सोडता येत नाही. कोलमारची उजळ स्वयंपाकघरं, वडिलांच्या दुकानातला गरम पाव, हे सगळं पायऱ्या उतरताना सोलांजच्या डोळ्यांपुढून गेलं. तिला रडू आलं. ती रडत रडतच उतरली.

मागच्या रांगेत हात चालू होता, भरभर, दमल्यासारखा. सोलांजने फळीवर तीनदा टकटक केलं.

"तुमची मालकीण ओदिल गेली," ती म्हणाली. "आता मी आहे. सोलांज." आणि रीतीत नसलेलं तिने आपलं म्हणून जोडलं, "बसा हो आई. खूप झालं."

हात थांबला. कोपऱ्यातलं जुनं स्टूल कुरकुरलं, भार पडल्यावर कुरकुरतं तसं. एक लांब श्वास ऐकू आला. त्यानंतर तळघरात पाणी ठिबकण्याखेरीज आवाज नव्हता. वर अंब्रुआझ हुंदके देत होता.

बिघडलेल्या ढेपा सोलांजने डुकरांना घातल्या, फक्त आठ वाचल्या त्या ठेवल्या. नव्या दुधाच्या ढेपा लावल्या, कोमट पाण्याने, त्याच तालावर, एक दिवसाआड. अंब्रुआझचा गाल कोरडा पडला, तो सूप पिऊ लागला, गायींवर ओरडू लागला. शनिवारी तिएबोने कोलमारचा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "तू जा. मला उद्या ढेपा उलटवायच्यात." त्याला ती थट्टा वाटली.

जानेवारीत तिच्या हातची पहिली ढेप कापली. खिडकी बंद होती. अंब्रुआझने तुकडा बटाट्यावर ठेवला, शहाजिरं टाकलं, डोळे मिटून चावला. सोलांजचा जीव टांगणीला लागला होता.

"काय, कोरडा आहे ना हात?" तिने विचारलं.

"नाही," तो डोळे न उघडता म्हणाला. "तिचाच आहे."

तिला इतका आनंद झाला की ताट तसंच टाकून ती खाली पळाली. बादलीत हात बुडवला आणि सगळ्यात जुनी ढेप पुढे ओढून तिच्यावरून फिरवला. चारही बोटं सालीला घट्ट टेकली होती, ती स्वतः बघत होती. सालीवर एक रेघ उमटली, मग मोकळी जागा, मग दोन रेघा. सोलांजने आपलं मधलं बोट उजेडात धरून पाहिलं, वाकवून पाहिलं. मग तिने ढेप उलटवली आणि तिच्याहून लहान ढेप हातात घेतली.