बंद दारामागचा खटका

खटका म्हणतात मला. कुलपातला नव्हे, चार पायांचा. रंग मातकट, एक कान उभा, दुसरा कायमचा झोपलेला. वयाने म्हणाल तर आता पोक्त गृहस्थ. नाकाभोवती पांढरं आलंय. आणि तरीही मी घरात लघवी करतो. झालं, सांगून टाकलं. लोक हे माझ्या पाठीमागे नाक मुरडून सांगतात, त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

मी जन्मलो एका बंद पडलेल्या गाडीखाली. तिथून मला एका कुटुंबाने उचललं. घरात दोन बहिणी होत्या. त्या मला आपले जुने फ्रॉक घालायच्या आणि मी मुकाट्याने घालून घ्यायचो. शी-शू बाहेर करायची हे मी तिथेच शिकलो, आणि चटकन शिकलो. पाहुणे आले की बाई कौतुकाने सांगायच्या, "आमचा अगदी शहाणा आहे हो!"

मग एकदा घरात खोकी आली. सामान खोक्यांत गेलं, खोकी खाली गेली, मुली रडत खाली गेल्या. शेवटी बाईंनी पातेलंभर पाणी ठेवलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेरून दार ओढून घेतलं. मला वाटलं, सगळं नेऊन झालं, आता माझी पाळी. म्हणून मी दाराशीच बसलो. उजाडलं, मावळलं, परत उजाडलं. पातेलं कोरडं पडलं. मी किती धरून ठेवलं ते माझं मला ठाऊक. शेवटी धरवेना. दाराशीच झालं.

दार उघडलं ते चावीवाल्याने. घरमालकाने त्याला कुलूप काढायला बोलावलं होतं. आत डोकावून तो म्हणाला, "साहेब, तुमचा एक भाडेकरू आतच राहिलाय की!"

घरमालकाने जमिनीकडे बघून शिवी हासडली. चावीवाला मात्र त्या ओल्याशेजारीच उकिडवा बसला आणि त्याने माझ्या नाकापुढे हात धरला. बोटांना लोखंडाचा आणि तेलाचा वास होता. असा वास मी आधी कधी घेतला नव्हता. मी त्या बोटांना नाक लावलं ते काढलंच नाही.

त्याने मला स्कूटरवर पायांत बसवून घरी आणलं. बायको दारातच उभी होती.

"हे काय आणलंत आता?"

"खटका."

"का? घरात रोज उडतात ते पुरत नाहीत?"

दोघंही हसली आणि माझं बारसं झालं. सगळी गल्ली त्यांना काका-काकू म्हणायची, म्हणून माझेही ते काका-काकू. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती. सकाळी जायची ती रुग्णांची ताटं वाढून, भांडी आवरून संध्याकाळी यायची. मी दिवसभर काकांच्या मागे.

काय दिवस होते ते! सकाळी काका खुंटीवरचा चाव्यांचा जुडगा उचलायचे. छन्न! तो आवाज कानी पडला की मी झोपेतून थेट दारात. छन्न म्हणजे स्कूटर, छन्न म्हणजे वारा, छन्न म्हणजे आम्ही दोघं. त्यांच्या टपरीत चावी घासण्याचं मशीन किरकिरायचं आणि मी स्टुलाखाली पसरायचो. मग कुणीतरी धावत यायचं. कुणाचा गॅसवर कुकर आणि दार मागे आपोआप लागलेलं, कुणी टॉवेल गुंडाळून जिन्यात अडकलेला. काका म्हणायचे, "खटक्या, माणूस कुलूप लावतो चोरासाठी, आणि बाहेर राहतो स्वतःच." त्या सगळ्या वर्षांत मी घरात एक थेंब सांडला नाही. एकटं राहायची वेळच आली नाही माझ्यावर.

एके दुपारी चावी घासता घासता काका स्टुलावरच कलले. मशीन चालूच होतं. शेजारच्या चांभाराने ते बंद केलं, लोकांना हाका मारल्या आणि मला धरून ठेवलं. काकांना गाडीत घालून नेलं. मी गाडीमागे धावू नये म्हणून चांभाराने माझा पट्टा इतका घट्ट धरला होता की त्याचीच बोटं लाल झाली.

काका परत आले नाहीत. घर माणसांनी भरलं, मग हळूहळू रिकामं झालं. काकूने पुन्हा कामावर जायचं ठरवलं. त्या सकाळी तिने खुंटीवरचा जुडगा उचलला. छन्न! मी शेपूट हलवत दारात. तिने मला पायाने अलगद मागे सारलं.

"तू नाही रे. तू घरी थांब."

दार लागलं.

त्यानंतर काय होतं ते नीट सांगतो, कारण ते कुणी पाहत नाही. आधी तिची पावलं ऐकू येतात. मग येत नाहीत. मग छाती धडधडायला लागते. तोंडाला कोरड पडते, जीभ बाहेर येते. मी दार ओरबाडतो, खिडकीशी जातो, परत दाराशी येतो. नकळत रडतो. आणि तेवढ्यात पाय ओले होतात. फिरून येऊन फार वेळ झालेला नसतो, पोट रिकामं असतं, तरी होतं. मी ठरवून करत नाही. घाबरलेल्या माणसाचे हात कापतात, ते काय तो ठरवून कापवतो?

पण काकूला हे कसं कळावं? दिवसभर उभं राहून ती थकून यायची, दार उघडायची आणि पाय त्यातच पडायचा.

"एवढा घोडा झालास, लाज नाही वाटत? सकाळी फिरवून आणलं तेव्हा काय झालं होतं? माझ्यावर सूड उगवतोस होय?"

मी कान पाडायचो, शेपूट पायांत घालायचो. ती शेजारणीला सांगायची, "बघा, चूक कळते त्याला. तोंड बघा कसं केलंय!"

चूक वगैरे मला काही कळत नव्हतं. काकू घरात आली की ओरडते, एवढंच कळत होतं. म्हणजे आधी तिच्या जाण्याची भीती होती, आता येण्याचीही बसली. दिवस कुठूनही धरा, मला चटकाच बसायचा.

शेवटी तिने मला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली, रक्त तपासलं.

"आजार काही नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरी असताना करतो का?"

"छे! तेव्हा अगदी साधू."

"मग एक करा. तुम्ही गेल्यावर तो काय करतो ते फोनवर चित्रित करून बघा. आणि तोवर ओरडू नका."

काकूला ते पटलं नाही. तिचा भाऊ सामान वाहायचा टेम्पो चालवायचा. त्याने तर ठरवूनच टाकलं होतं. "ताई, किती दिवस फरशी पुसणार तू? माझ्या ओळखीचं एक गोदाम आहे, त्यांना राखणीला कुत्रा हवाय. रविवारी घेऊन जातो याला." काकू फरशी पुसत राहिली. ती नाही म्हणाली नाही, हे मी ऐकलं.

रविवारी तो दोरी घेऊन आला. काकूची त्या दिवशीही इस्पितळात कामाची पाळी होती. तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ते एकदा करून बघू. संध्याकाळी ने."

"बघच तू," भाऊ हसला. "तू गेलीस की हा गादीवर लोळत असेल." त्याने आपला फोन फडताळात टेकवून ठेवला आणि तिला सोडायला गेला.

संध्याकाळी दोघं शेजारी बसून बघू लागली. फोनमधून माझाच आवाज येत होता. मला तो ओळखता आला नाही. कुणीतरी कुत्रं फार मोठ्या संकटात आहे असं वाटलं, म्हणून मी उठून दाराशी वास घेऊन आलो. भावाच्या तोंडावरचं हसू केव्हाच गेलं होतं.

"ताई, हा तर थांबतच नाही गं."

"बंद कर ते."

"अगं, पण..."

"बंद कर म्हटलं ना! मला नको दाखवूस." काकूने तोंडाला पदर लावला. "मी तरी काय वेगळं करते? मोरीत जाते, नळ सोडते आणि रडते. नळाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. ह्याला बिचाऱ्याला नळ सोडता येत नाही, एवढंच."

भावाने दोरी गुंडाळून खिशात घातली. "मला बोलली नाहीस कधी," तो म्हणाला. "उद्यापासून दुपारचा डबा इथेच येऊन खातो मी. तुझ्या ह्या वाघाला सोबत होईल."

तेव्हापासून भाऊमामा दुपारी येतो. संध्याकाळी काकू माझा अभ्यास घेते. जुडगा उचलते आणि कुठेच जात नाही, भाजी निवडत बसते. कधी दाराबाहेर जाते आणि लगेच आत येते. मग जरा उशिराने येते. डॉक्टरीणबाईंनी गोळीही दिली आहे. आता काकू ओरडत नाही. पण मी बरा झालो असं म्हणणार नाही. काही दिवस कोरडे जातात, काही नाही. परवा पुन्हा झालं. तिने पिशवी ठेवली, फडकं आणलं, पुसता पुसता म्हणाली, "असू दे. मलाही आज कामात सारखी आठवण येत होती." मग ती तिथेच ओल्या फरशीवर बसली आणि मी तिच्या मांडीवर मान टाकली. घरात आम्ही दोघंच होतो, आणि दोघांनाही तिसऱ्याची उणीव होती.

तुमच्या घरातलं एखादं शहाणंसुरतं कुत्रं तुम्ही गेल्यावर असं करत असेल, तर आधी त्याला डॉक्टरांना दाखवा, आणि मग तुमच्या पाठीमागे त्याचं काय होतं ते बघा. सूड घ्यायला मन थंड लागतं हो. आमचं तेव्हा ठिकाणावरच नसतं.

आता दुपार व्हायची आहे. काकू कामावर आहे, भाऊमामाला यायला अवकाश आहे. तुम्ही एवढा वेळ दाराशी थांबून ऐकलंत, बरं वाटलं. आता तुम्हीही निघाल, निघायलाच हवं. फक्त पायऱ्या जरा सावकाश उतरा. पावलं ऐकू येतात तोवर मला धरवतं.