उसनी मूठ

मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे. दचकू नका, मित्रांनो! माझी नळी आता वेल्डिंग करून कायमची बुजवली आहे आणि घोड्याचं टोकही कापून टाकलं आहे. पहारेकऱ्यांना शिकवतात त्या खोलीत, काचेच्या कपाटात मी निवांत पडून असतो. हुश्श! इतकं मोकळं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

एकाच कारखान्यातली आम्ही तीन भावंडं, म्हणजे रिव्हॉल्व्हरचे तीन प्रकार. चाप ओढला की घोडा आपोआप मागे जायचा, गोळ्यांचं चाक एक घर पुढे सरकायचं आणि घोडा आपटायचा. सगळं एकाच ओढीत. हे तिघांचंही सारखंच होतं. मी थोरला. माझी मूठ गुळगुळीत लाकडाची. मधल्याच्या मुठीवर बारीक चौकडीची नक्षी, आणि पोटात एक छोटी पोलादी पट्टी. चाप ओढेपर्यंत ती पट्टी घोड्याला काडतुसापर्यंत पोहोचूच देत नसे. त्यामुळे मधला हातातून पडला तरी गोळी सुटत नसे. धाकट्याची नळी आखूड आणि मूठ रबराची. तो आला आणि वर्षभरात कारखान्याने आमचं घराणंच बंद केलं.

माझ्या पोटात ती पट्टी नव्हती. म्हणून माझ्यासाठी वेगळा नियम होता: सहा घरांपैकी पाचच भरायची, घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं. मधल्याची मात्र सहाही घरं भरली तरी चालायचं. पहारेकऱ्यांच्या कचेरीत भिंतीवर तसा तक्ताच लावलेला होता.

एका मोठ्या गोदामाच्या पहाऱ्यावर माझी बरीच वर्षं सुखात गेली. वेळच्या वेळी तेलपाणी व्हायचं. नेमबाजीच्या सरावात "थोरल्याचा नेम काही चुकत नाही बुवा!" अशी वाहवा व्हायची आणि मी फुगून जायचो. खोटं कशाला बोलू!

मग एकदा माझी मूठ तडकली. दुरुस्तीला गेलो आणि नव्या मुठीसह परत आलो. तिच्यावर चौकडीची नक्षी होती. शस्त्रांच्या कोठीतल्या बाई नुसती मूठ बघून आम्हाला आपापल्या खणात लावत. त्यांनी मला मधल्याच्या खणात ठेवलं आणि वहीत लिहिलं, 'दुसरा प्रकार'. मी ओरडून सांगणार तरी कसा?

पुढे मी आलो मिशीवाल्या काकांच्या कमरेला. अतिशय जपून वागणारा माणूस. त्यांनी वही पाहिली, तक्ता पाहिला आणि नियमाप्रमाणे सहा गोळ्या भरल्या. एका सकाळी पाळी बदलताना त्यांच्या कमरेच्या चामडी म्यानाचं बटण तुटलं, मी निसटलो आणि फरशीवर नेमका घोड्यावर आपटलो. धाड! गोळी सुटली ती समोरून येणाऱ्या त्यांच्या साडूच्याच पोटरीत घुसली. दोघंही तिथेच पहारेकरी होते.

साडू वाचले, पण कुबडी आली. साहेबांनी वही उघडून निकाल दिला, "दुसऱ्या प्रकारातला पडून सुटतच नाही. तुमचं बोट चापावर होतं."

"बोट लावलं असतं तर कबूल केलं असतं हो!" काका काकुळतीला येऊन सांगत होते. कोण ऐकतं? त्यांना घरी बसवलं. साडूंनी त्यांचं तोंड पाहणं सोडलं आणि दोन सख्ख्या बहिणींची बोलाचाल बंद झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटच्या तपासणीसाठी मला दुरुस्तीवाल्या आजोबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब होते, काका होते आणि काकांकडे पाठ करून साडू बसले होते. आजोबांनी माझ्या मुठीचे स्क्रू काढले. मूठ बसवली की तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने एक छोटं वर्तुळ काढायचं, ही त्यांची जुनी सवय. लाकूड उलटलं आणि तेच वर्तुळ समोर आलं. त्यांनी चष्मा पुसला, माझ्या पोटात डोकावून पाहिलं. पट्टी नव्हती.

ती खूण दुसऱ्या कुणीच पाहिली नव्हती. अंगठा फिरवला असता तर पुसलीही गेली असती. त्यांचा अंगठा वर्तुळावर टेकला आणि तिथेच थांबला. माझा जीव टांगणीला लागला.

"हा पहिला प्रकार आहे," ते म्हणाले. "पडला तर सुटणारच. आणि ही मूठ मीच बसवली. पहिल्याच्या मुठी संपल्या होत्या, दुसऱ्याची चपखल बसली, म्हणून दिली लावून. सोबत चिठ्ठी लिहायची राहिली. या माणसाची काही चूक नाही. चूक माझी आहे."

"अहो, काय बोलताय कळतंय का?" साहेब चमकले. "काम जाईल तुमचं!"

"जाऊ द्या. यांची अब्रू गेली तेवढं पुरे झालं."

साडू कुबडी टेकत उठले आणि काकांसमोर येऊन उभे राहिले. "साडूभाऊ, सहा महिने तोंड पाहिलं नाही मी तुमचं."

काकांनी त्यांच्या कुबडीकडे पाहिलं. "ते राहू द्या. पाय कसा आहे?"

"बरा आहे. चला घरी. ही रोज बहिणीची आठवण काढून रडते."

अहाहा! माझ्या पोलादी छातीवरचा दगडच उतरला. त्याच दिवशी कोठीतल्या सगळ्यांच्या मुठी उघडल्या. मधल्याच्या खणात आणखी दोन थोरले निघाले. दोघांच्याही पोटात सहा-सहा गोळ्या होत्या.

काका कामावर परतले. आजोबांचं दुरुस्तीचं काम मात्र गेलं. पण नवे पहारेकरी आले की शिकवायला आजोबांना आवर्जून बोलावतात. ते माझी मूठ उघडतात आणि न लाजता सांगतात, "ही माझी चूक. नीट बघून घ्या."

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू कुठे दिसली तर हात लावू नका, आधी मोठ्यांना हाक मारा. आणि उद्या तुम्ही एखादी वस्तू दुरुस्त केलीत, तर आत काय बदललं ते लिहून ठेवायला विसरू नका. परवा कुणीतरी माझी मूठ आतूनही साफ करायला घेतली होती. आजोबांनी चटकन हात धरला. ते वर्तुळ अजून आहे तिथेच आहे.