विचाराला काय दिसतं

मठातल्या वादात नोरझिनला कोणी हरवत नसे, ती आपली आपणच हरायची. समोर बसलेल्या जम्पाने नुसती भुवई उंचावली, की ही आपला पुढचा प्रश्नच विसरायची. दोघी स्पितीतल्या एकाच गावच्या, भिक्षुणी झाल्या त्याही बरोबरच. त्यामुळे जम्पाला हिची नाडी पक्की ठाऊक.

त्या दुपारी अंगणात जोड्या लागल्या. उत्तर देणारी बसलेली, विचारणारी उभी. विषय निघाला तो नेमका नोरझिनच्या जिव्हारी लागणारा: विचार करून वस्तूचं खरं रूप कळतं का? वीस वर्षं ती पोथ्यांत डोकं घालून होती. कळत नसेल, तर इतकी वर्षं आपण केलं काय, ही धास्ती तिला हल्ली झोपू देत नव्हती.

"नाही कळत," जम्पा ऐटीत म्हणाली. "विचाराला वस्तू दिसतच नाही, तिचं मनातलं चित्र तेवढं दिसतं. नुसतं चहा-चहा म्हणून तोंड भाजतं का गं तुझं?"

आजूबाजूच्या खिदळल्या. नोरझिनचे कान तापले, पण आज ती मागे सरली नाही.

"विचाराला खरं कळत नाही, हे खरं?"

"खरं."

"डोळ्यांनी पाहिलंस?"

"हे काय डोळ्यांनी दिसतं, बाई?"

"मग कशानं कळलं?"

"विचार करून..." जम्पा थबकली.

नोरझिनने वादाच्या रिवाजाप्रमाणे पाय आपटून अशी टाळी वाजवली, की कठड्यावरचे कावळे उडाले. "म्हणजे एक तरी खरी गोष्ट विचाराला कळली! गेलं की तुझं म्हणणं!"

"गेलं, बाई, गेलं," जम्पाला हसू आवरेना. "पण दाराशी आलीस म्हणजे घरात शिरलीस असं नाही हं."

"दाराशी आले ना? मग वीस वर्षं फुकट नाही गेली!"

खांबाला टेकून ऐकणारे त्यांचे म्हातारे गुरू खोकले; सगळ्या त्यांना आदरानं 'गेन-ला' म्हणत. "उद्या जम्पाची बाजू तू मांडायची, नोरझिन."

"आत्ता कुठे जिंकले, गेन-ला!"

"म्हणूनच."

संध्याकाळी जेवताना नोरझिनने जम्पालाच गाठलं. "विचाराला काही कळत नाही, याचे तुझ्याकडचे चांगले मुद्दे सांग बघू."

"फुकट?"

"एक मोमो घे."

जम्पाने दोन उचलले आणि तोंड भरलेलं असतानाच सांगायला लागली. मुद्दे चांगलेच अवघड होते. नोरझिन पुढे सरकून ऐकत राहिली. कधी एकदा उद्याची दुपार होते, असं तिला झालं होतं.